कॉलेजात पहिला करिअर मेळावा घेताय? नागपूरच्या नव्या समन्वयकांसाठी

सत्र सुरू होताना समित्या जाहीर होतात आणि प्लेसमेंट सेलचं काम बरेचदा स्टाफमधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या नावापुढे लिहिलं जातं. ते नाव तुमचं असेल आणि "यंदा एक चांगला करिअर मेळावा होऊन जाऊ द्या" असं प्राचार्य म्हणाले असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नागपुरातल्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. शिकवणाऱ्या कॉलेजात हे काम मी बरीच वर्षं केलंय. इंजिनिअरिंग कॉलेजांकडे पूर्णवेळ टीपीओ (ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी) असतो, कंपन्यांशी जुनी ओळख असते. आपल्याला तास घेऊन, पेपर तपासून आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइली सांभाळून हे जमवायचं असतं.

मेळावा कसा झाला हे मी दोनच गोष्टींवरून ठरवते. किती मुलांची बसून, नीट मुलाखत झाली? आणि तीन महिन्यांनी त्यातली किती मुलं खरंच कामावर जात होती? मांडवातली गर्दी आणि पेपरातला फोटो यावर मी जात नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. आधी मुलांची यादी करा

बहुतेक जण कंपन्यांना फोन लावण्यापासून सुरुवात करतात. आधी मुलांना विचारा. एक साधा गुगल फॉर्म पुरतो: विषय, कोणत्या सेमिस्टरचे पेपर राहिलेत, राहायला कुठे, नागपूरबाहेर जायची तयारी आहे का, शिफ्टमध्ये काम चालेल का, घरून परवानगी आहे का, पुढे शिकायचंय की आत्ताच नोकरी हवी. फॉर्म भरताना मुलं सगळीकडे "हो" करतात, म्हणून वर्गशिक्षकांच्या मदतीने दोन-दोन मिनिटं बोलून घ्या. काटोल, उमरेड, सावनेर, मौदा इथून रोज येणारी मुलं किती आहेत हे तेव्हाच कळतं. बुटीबोरीला सकाळी सातच्या शिफ्टला कोण पोचू शकेल, हेही कळतं.

ही यादी हातात आली की कंपनीला काय सांगायचं ते ठरतं. "आमच्याकडे खूप मुलं आहेत" यापेक्षा "केमिस्ट्रीची ४० मुलं आहेत, त्यातली २२ हिंगणा-बुटीबोरीला रोज येऊ शकतात" हे वाक्य एचआरला पटकन समजतं.

२. तारीख: नागपूरचं कॅलेंडर समोर ठेवून

इथे घाई करू नका. विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांचं वेळापत्रक आधी पाहा. प्रॅक्टिकलच्या तारखाही पाहा, कारण त्या सायन्सच्या मुलांना आणि शिक्षकांना बांधून ठेवतात.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, झिरो माइल आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटच्या बाजूला मोर्चांमुळे रस्ते वळवलेले असतात आणि सरकारी कार्यालयातला एकही अधिकारी तुमच्यासाठी मोकळा नसतो. दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, गाड्या आणि लॉज भरलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा महाल-इतवारीतून कुणी येईल ही अपेक्षा ठेवू नका.

माझा अनुभव सांगतो की जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा शेवट हा सगळ्यात बरा काळ. मार्चच्या मध्यानंतर कूलर लावावे लागतात, आणि बंद खोलीत मोठा कूलर घरघरत असला की समोरच्या मुलीचं उत्तर मुलाखत घेणाऱ्याला ऐकूच येत नाही. शनिवार टाळा. अनेक कंपन्यांच्या एचआरला त्या दिवशी सुटी असते. बुधवार-गुरुवार उत्तम.

३. परवानगी, पैसा आणि फाइल

नोटशीट (मंजुरीसाठीची टिपणी) पहिल्याच आठवड्यात टाका आणि मोठ्या बाबूंना भेटून विचारा की कोणत्या शीर्षाखाली खर्च बसेल. हे एवढं विचारलं तरी पुढचा अर्धा त्रास वाचतो. बिछायत केंद्र, बॅनर, जेवण, झेरॉक्स आणि इंटरनेट हे पाच मोठे खर्च. बिछायतीचे आणि जेवणाचे तीन-तीन कोटेशन घ्या, बिल पक्कं घ्या, अग्रिम रक्कम उचलली असेल तर हिशेब आठवडाभरात द्या.

मुलांकडून नोंदणी शुल्क घेऊ नका, दहा रुपयेसुद्धा नाही. लहान कंपन्यांकडून स्टॉलचे पैसेही मागू नका. हिंगण्यातला एखादा कारखानदार आपला माणूस दिवसभर पाठवतो, तेच त्याचं योगदान.

कार्यक्रम मैदानात आणि लाउडस्पीकर लावून असेल, तर पोलिस ठाण्याची परवानगी काढा. शाळा-कॉलेजांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, त्यामुळे "आपलंच तर मैदान आहे" हे चालत नाही. मी तर सगळं वर्गखोल्यांतच घेते.

४. कंपन्या कुठून आणायच्या

नवीन माणूस आधी मिहानमधल्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या मागे लागतो. त्यांना जरूर लिहा, पण एक लक्षात ठेवा: मोठ्या कंपन्यांची पदवीधरांची भरती बहुतेक त्यांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या ऑनलाइन परीक्षेतून होते. इथल्या ऑफिसातल्या माणसाच्या हातात ते नसतं. अशांना मुलाखतीसाठी बोलावण्यापेक्षा माहिती द्यायला बोलवा: नोंदणी कधी उघडते, परीक्षेत काय असतं, बॅकलॉग चालतो का. विप्रोचा बी.सी.ए.-बी.एस्सी.च्या मुलांसाठीचा काम करत शिकण्याचा कार्यक्रम आपल्या कित्येक मुलांना ठाऊकच नसतो.

प्रत्यक्ष नोकऱ्या देणारे बरेचदा जवळच असतात. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर एमआयडीसीतले कारखाने, धंतोली-रामदासपेठेतली हॉस्पिटलं, सी.ए. फर्म, बँका आणि विमा कंपन्या, इतवारी-गांधीबागेतले घाऊक व्यापारी ज्यांना टॅली येणारी मुलं सतत लागतात. एकेकाला गाठण्यापेक्षा संघटनांकडे जा. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आणि नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स यांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या आणि जमलं तर स्वतः जाऊन भेटा. त्यांच्या सदस्यांच्या ग्रुपवर तुमचं पत्र एकदा गेलं की फोन यायला लागतात.

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला विसरू नका. ते पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे घेतात आणि महास्वयम पोर्टलवर नोंदणी करून देतात. त्यांच्यासोबत मिळून मेळावा घेतला तर कंपन्यांची तयार यादी मिळते. शिकाऊ उमेदवारीसाठी नॅट्सचं, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेचं, पोर्टल मुलांना दाखवा. पदवी झाल्यावर विद्यावेतनासह वर्षभर काम शिकता येतं हे अनेकांना शेवटच्या वर्षापर्यंत कुणी सांगितलेलं नसतं.

आणि माजी विद्यार्थी. आपल्याच कॉलेजातून गेलेली मुलगी बँकेत डेप्युटी मॅनेजर असेल तर तिला अर्धा तास बोलायला बोलवा. तिचं बोलणं मुलं ज्या कानाने ऐकतात, तसं आपलं ऐकत नाहीत.

५. कंपनी खरी आहे का, हे तपासल्याशिवाय गेटच्या आत घेऊ नका

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते. मुलं आपल्यावर विश्वास ठेवून येतात. "कॉलेजनेच बोलावली होती" म्हणून पालक डोळे झाकून पैसे भरतात. असा प्रकार शहरात झालेला मी पाहिलाय. निवड झाली असं सांगून प्रशिक्षणाच्या नावाखाली प्रत्येकी काही हजार घेतले गेले आणि दोन महिन्यांनी त्या ऑफिसला कुलूप होतं. त्या मुलांच्या आईवडिलांना तोंड द्यायला शेवटी कॉलेजच्याच लोकांना उभं राहावं लागलं.

म्हणून प्रत्येक कंपनीकडून आधी एक फॉर्म भरून घ्या आणि तो असा तपासा:

- कंपनी नोंदणी क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका. नाव, पत्ता आणि कंपनी चालू आहे की बंद, हे फुकट दिसतं.
- जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर शोधा. नोंदणी रद्द झालेली असेल तर तेही दिसतं.
- पत्त्यावर कुणाला तरी पाठवा. नागपुरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला फार वेळ लागत नाही, सबब नको.
- ईमेल कंपनीच्या नावाच्या पत्त्यावरून आला की साध्या जीमेलवरून, ते पाहा. लहान कारखान्यांचा जीमेल असू शकतो, पण मोठ्या नावाच्या कंपनीचा असेल तर थांबा.
- नेमणूक कुणाच्या नावावर होणार? कंपनीच्या की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या? हे लेखी घ्या.

पगाराबद्दल स्पष्ट विचारा: महिन्याला हातात किती येणार? "पॅकेज" म्हणून सांगितलेल्या आकड्यात मालकाचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कधी मिळेल याचा भरवसा नसलेला इन्सेंटिव्ह धरलेला असतो. बाँड आहे का, किती महिन्यांचा, मधे सोडलं तर किती भरावे लागतील, हेही फॉर्मवरच हवं. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारी कंपनी मी तिथल्या तिथे नाकारते.

मुलींना रात्रपाळी असेल तर गाडीची व्यवस्था लेखी मागा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षेची व घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. एचआरला हे तुम्हाला माहीत आहे असं दिसलं की उत्तरं नीट येतात.

६. गणित करा, मगच आमंत्रणं पाठवा

साडेदहा ते साडेचार, मधे पाऊण तास जेवण. हातात राहतात सव्वापाच तास. एका मुलाखतीला बारा मिनिटं धरली तर एक माणूस दिवसभरात पंचवीसेक मुलाखती घेऊ शकतो. २०० मुलांना प्रत्येकी दोन मुलाखती द्यायच्या तर ४०० होतात, म्हणजे १६ मुलाखतकार हवेत. तुमच्याकडे आठच येणार असतील तर १०० मुलंच बोलवा, किंवा आधी लेखी चाचणी घेऊन यादी लहान करा. हे गणित न केल्यामुळेच मुलं सकाळपासून रांगेत उभी राहून संध्याकाळी नुसता बायोडेटा देऊन घरी जातात.

आजूबाजूच्या कॉलेजांनाही बोलवायचं असेल तर याच आकड्यात बसवून बोलवा.

७. मुलांची तयारी

मेळाव्याच्या तीन आठवडे आधी सुरू करा. बायोडेटा एका पानाचा. इंटरनेटवरून उतरवलेली "टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट" ही ओळ सगळ्यांच्या कागदावर असते; ती काढून टाकायला लावा आणि त्या जागी मुलाने खरंच केलेलं काहीतरी लिहायला सांगा. वडिलांचं किराणा दुकान सांभाळत उधारीची वही ठेवणारा मुलगा ते लिहायला लाजतो, आणि हिशेबाच्या कामासाठी माणूस शोधणाऱ्याला तेच वाचायचं असतं.

सराव मुलाखती घ्या, पण आपापल्या वर्गातली मुलं आपणच घेऊ नका. अनोळखी सरांसमोर बसलं की मुलाला खरा अंदाज येतो. इंग्रजीची भीती मोठी असते. कारखाना, हॉस्पिटल, दुकान अशा ठिकाणी मराठी-हिंदीत उत्तर दिलं तरी चालतं हे कंपनीला आधीच विचारून मुलांना सांगा. निम्मी भीती तिथेच जाते.

मुलांनी सोबत आणायचं ते एवढंच: बायोडेटाच्या तीन प्रती, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, दोन फोटो, कॉलेजचं ओळखपत्र, पेन. आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, करूही देऊ नका. कुणी ओळख पटवायला मागितलंच तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार दाखवावं. मुलांचे मोबाइल नंबर कंपनीला द्यायचे तर प्रत्येकाची लेखी संमती फॉर्मवर घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे, आणि नंतर मुलींना नको ते फोन येऊ नयेत म्हणूनही ती हवी.

८. सहकाऱ्यांना सोबत घ्यायचं कसं

चांगला मेळावा झाला तरी स्टाफरूममध्ये नाराजी राहते, आणि पुढच्या वर्षी कुणी हात लावत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. "सगळ्यांनी सहकार्य करावं" अशी मोघम सूचना निघते, चार जण राबतात आणि मंचावर भलत्याच लोकांचे सत्कार होतात.

कामाचा आदेश नावानिशी काढा. कोण, कुठे, किती ते किती, आणि सुटी कधी. "देशमुख मॅडम, खोली १२, साडेदहा ते एक, एकनंतर मोकळ्या" असं लिहिलं की मॅडम एकपर्यंत मनापासून थांबतात. दिवसभर अडकवून ठेवलं तर अकराच्या पुढे माणूस दिसत नाही. कुणाचं मूल शाळेतून दोनला येतं, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं. त्याप्रमाणे वेळ लावा.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा विचार आधी करा. मेळाव्याच्या दिवशी वर्ग बंद ठेवले की त्यांचा त्या दिवसाचा तास जातो आणि मानधनही जातं. वर दिवसभर त्यांच्याकडूनच सगळ्यात जास्त काम करून घेतलं जातं. हे मला अजिबात मान्य नाही. त्यांचे तास दुसऱ्या दिवशी भरून निघतील अशी सोय करा, किंवा मेळाव्याच्या खर्चात त्यांचं मानधन धरा, आणि हे प्राचार्यांकडून आधीच लेखी घ्या.

शिपाई दादा, वीजकाम पाहणारे काका, सफाई करणाऱ्या ताई यांना बैठकीला बोलवा. कोणत्या खोलीतला पंखा बंद आहे, कोणता प्लग चालत नाही, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी किती वाजेपर्यंत येतं, हे सांगणारं दुसरं कुणी कॉलेजात नसतं.

आभारप्रदर्शनात नावं कामासहित घ्या. "तसेच सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी" या ओळीने कुणाचंही मन भरत नाही. "रात्री नऊपर्यंत थांबून टोकन छापून देणारे ग्रंथालयातले आपले वानखेडे दादा" हे ऐकल्यावर वानखेडे दादा पुढच्या वर्षी स्वतः विचारायला येतात. मेळाव्यानंतर दहा दिवसांत प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र द्या, त्यावर नेमकं काम आणि तारीख लिहा. शिक्षकांना ते पदोन्नतीच्या फाइलला लावता येतं. शाल-श्रीफळापेक्षा या कागदाची किंमत सहकाऱ्यांना जास्त असते.

९. प्रत्यक्ष दिवस

आदल्या संध्याकाळी प्रत्येक खोलीच्या दारावर कंपनीचं नाव लावा. कंपन्यांना पाठवायच्या संदेशात जवळचं मेट्रो स्टेशन लिहा: मिहानकडून येणारे खापरीहून ऑरेंज लाइनने येऊ शकतात, हिंगण्याकडचे लोकमान्यनगरहून ॲक्वा लाइनने, आणि बदल सीताबर्डीला.

उद्घाटन वीस मिनिटांत उरका. पाहुण्यांना ही वेळ आधीच सांगा. लांबलेल्या भाषणाचा प्रत्येक अर्धा तास सोळा खोल्यांतल्या चाळीस मुलाखती खातो.

टोकन वाटताना बाहेरगावच्या मुलांना पहिले नंबर द्या. काटोल-उमरेडची शेवटची सोयीची बस गाठायची असते आणि मुलींच्या घरचे वाट पाहत असतात. एका मुलाला जास्तीत जास्त दोन टोकन. टोकनच्या टेबलाशेजारीच झेरॉक्स मशीन आणि स्टेपलर ठेवा.

नाश्त्याला मुलांसाठी सुका चिवडा किंवा सांबारवडी ठेवा. तर्री पोहे संध्याकाळी स्वयंसेवकांना द्या. मुलाखतीआधी पांढऱ्या शर्टावर तर्रीचा डाग पडला की ते पोर दिवसभर हात छातीवर धरून बसतं.

एक खोली मोकळी ठेवा आणि तिथे एक समजूतदार शिक्षक बसवा. नाकारलं गेलेलं मूल तिथे येऊन बोलू शकतं. बाकी कुठे खर्च कमी करावा लागला तरी ही खोली मी सोडत नाही.

१०. नंतरचे पंधरा दिवस

त्याच संध्याकाळी प्रत्येक कंपनीकडून सहीनिशी यादी घ्या: निवड, राखीव, नाही. "मेलवर पाठवतो" यावर सोडू नका. दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल, आठव्या दिवशी ऑफर लेटरसाठी फोन. पंधराव्या दिवशीही पत्र आलं नसेल, तर मुलांना स्पष्ट सांगा म्हणजे ती दुसरीकडे प्रयत्न करतील. ज्यांची निवड झाली नाही त्यांना का झाली नाही हे कंपनीकडून विचारून घ्या आणि एकेकट्याला सांगा, नोटीस बोर्डावर लावू नका.

फाइलमध्ये हे कागद हवेत. नॅकच्या पाचव्या निकषाला, म्हणजे विद्यार्थी सहाय्य आणि प्रगतीला, तेच लागतात:

- मंजूर नोटशीट, कामाचे आदेश, सूचनापत्र
- कंपन्यांचे भरलेले फॉर्म आणि पडताळणीची नोंद
- मुलांची सहीनिशी उपस्थिती आणि संमतीपत्रं
- ठिकाण आणि वेळ दिसणारे फोटो
- निवड याद्या, ऑफर लेटरच्या प्रती, रुजू झाल्याचा पुरावा
- बिलं आणि खर्चाचा हिशेब
- मुलं व कंपन्या दोघांचे अभिप्राय

तीन महिन्यांनी रुजू झालेल्या प्रत्येक मुलाला फोन करा. पगार ठरल्याप्रमाणे मिळतो का, पीएफचा नंबर मिळाला का, वागणूक कशी आहे. ज्या कंपनीबद्दल दोन-तीन मुलं एकच तक्रार सांगतात, तिचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून काढा आणि का काढलं ते फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर समन्वयक होणाऱ्याला ते सापडेल.